गच्चीवरचा टॉवर

इंजिनिअर नसलेल्या माणसांना नेटवर्क सोपं करून शिकवणं हे मयूरचं रोजचं काम. त्यात त्याचा हातखंडा होता. होळीला तो डोंबिवलीहून कोलशेतला घरी आला आणि अंगणातच भडकला. गच्चीवर मोबाइलचा टॉवर उभा होता. कंपनीची माणसं वर्षानुवर्षं खेपा घालायची आणि बाबा त्यांना फाटकातूनच परत पाठवायचे. आईची मासळी सुकवायची जागा ती. तिथे लोखंड नको, म्हणायचे.

"बाबा, मला विचारायचं तरी! कशाला बसवून घेतलात हा?"

बाबा त्याच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले. "तुज्यासाठीच. गणपतीला आलास तवा तूच बोललास ना, रोज फोन लावतो पण लागत नाय, तुमच्याकडं रेंजच नसते? मंग मीच त्यांना बोलावून घेतलं."

मयूरची नजर खाली गेली. त्याच्या हातातल्या फोनवर रेंजच्या सगळ्या काड्या भरलेल्या होत्या. या अंगणात त्या नेहमीच भरलेल्या असायच्या, टॉवर नव्हता तेव्हाही.

"कधी चालू झाला?" मान वर न करता त्यानं विचारलं.

"दिवाळीला." बाबा आपलंच काही चुकल्यासारखे ओशाळले. "तरी तुजा फोन काय लागत नाय. बुटका पडला असंल. त्यांना सांगतो, अजून उंच करा."