वेरूळचं बुकिंग

बुकिंगच्या यादीतलं तिसरं नाव वाचून सदाशिवरावांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि पुन्हा वाचलं. हिमांशू सदाशिव सेलूकर, वय एकोणतीस, पुणे. पुसून नाव काही बदललं नाही.

फोनवर स्वराली नावाची मुलगी बोलतच होती. "काका, आम्ही तिघं येतोय. शुक्रवारी संध्याकाळी क्राफ्ट बिअर, शनिवारी दौलताबाद आणि नान-खलिया, रविवारी तुमच्यासोबत वेरूळ. जागा तुम्हीच सुचवा ना!"

"राहणार कुठं?"

"हॉटेल घेतलंय, सिडकोत."

सदाशिवराव चौतीस वर्षं वेरूळला गाईड होते. शहरातल्या निम्म्या हॉटेलांत त्यांचा नंबर लिहिलेला असे, त्यामुळे तो या मुलीला मिळाला यात नवल नव्हतं. मैत्रिणीनं कोणता गाईड ठरवलाय हे पोराला ठाऊकही नसेल, असं ते धरून चालले. नवल होतं ते हॉटेलचं. सेलूकरांचं घर पडेगावात, अगदी दौलताबादच्या रस्त्याला लागून. किल्ल्याला जा नाहीतर लेण्यांना, गाडी त्यांच्या दारावरूनच जाणार. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण इथं कळसा काखेत आहे हे माहीत असून वळसा चालला होता. त्यांना राग आला. मग रागापेक्षा वाईट काहीतरी आलं.

दमयंतीबाईंना त्यांनी काही सांगितलं नाही. एकाच्याच जिवाला लागलेलं पुरे. बुधवारी बाईंनीच विचारलं, "हिमांशूचा फोन आला होता का हो तुम्हाला?"

"नाही. का?"

"सहज," म्हणून त्या पोळ्या लाटत राहिल्या.

आता बेत तर आखून द्यायचा होता. मटणाचा तो नान-खलिया त्यांनी जन्मात खाल्ला नव्हता. पण खाऊन आलेले फ्रेंच लोक दुसऱ्या दिवशी काय डोळे मिटून सांगतात हे पाहिलं होतं, तेवढ्या भांडवलावर त्यांनी शहागंजातली जागा सुचवली. बिअरचं मात्र कुणाच्या भरवशावर सोडवेना. गुरुवारी दुपारी स्कूटर काढून ते स्वतः जालना रोडवर गेले. काचेमागं तांब्याच्या रंगाच्या टाक्या, समोर उंच उंच स्टुलं. संध्येची पळी सोडून कशाला हात न लावलेला हा माणूस काउंटरवर विचारत होता, "ताजी असते ना?"

"इथंच बनते, काका. थोडी चाखून बघता?"

"छे छे! माझा मुलगा यायचाय. त्याच्यासाठी बघतोय."

बोलून गेल्यावर त्यांची त्यांनाच कीव आली. तरी गच्चीवर फार वारा लागतो, आत बसावं, हेही त्यांनी पाहून घेतलं आणि स्वरालीला कळवलं.

रात्रीपर्यंत बेत लिहून झाला. त्यात एक ओळ त्यांनी तीनदा लिहिली, तीनदा खोडली आणि शेवटी पाठवून दिली: शनिवार, सकाळी साडेदहा, पडेगाव, चहा.

लगेच उत्तर आलं. "काका, पडेगावात बघण्यासारखं काय आहे?"

त्यांनी लिहिलं, "विशेष काही नाही. ते काढून टाका."

गाईडचा धंदा उलटा. लोकांची सुट्टी तोच याचा कामाचा दिवस. मंगळवारी लेणी बंद, तोच याचा रविवार. दिवाळी, नाताळ, मे महिना म्हणजे ऐन सीझन. चौतीस वर्षांत आजारपण सोडून सदाशिवरावांनी एकही शनिवार बुडवला नव्हता. तो शनिवार त्यांनी बुडवला. सकाळपासून ओट्यावर खुर्ची टाकून ते रस्त्याकडे तोंड करून बसले. पुण्याच्या नंबराच्या पुष्कळ गाड्या गेल्या. एकही थांबली नाही. बाराला दमयंतीबाई बाहेर आल्या, नवऱ्याच्या कपाळाला हात लावला, ताप नाही म्हणाल्या आणि आत जाऊन फोनवर कुणाशीतरी हळू आवाजात बोलल्या.

रविवारी ते नेहमीसारखे सातला निघाले. वाटेत त्यांनी वाक्य पाठ केलं: नमस्कार, मी तुमचा गाईड. एवढंच म्हणायचं. ओळखही दाखवायची नाही. पोराची मान खाली गेली तर जाऊ दे.

नऊला गाडी फाटकाशी लागली. एक मुलगी उतरली, ती स्वराली. मग एक उंच मुलगा, यादीतला मिहिर. मग हिमांशू. त्यानं वळून मागचं दार उघडलं, हात पुढं केला, आणि पैठणीचा पदर सावरत दमयंतीबाई उतरल्या. लग्नाला तेहेतीस वर्षं झाली होती. या फाटकाशी सदाशिवराव त्यांना पहिल्यांदा बघत होते.

पाठ केलेलं वाक्य बाजूलाच राहिलं. "घरी का आला नाहीस रे?" त्यांनी विचारलं. आवाज कापला आणि त्यांनी तो सावरलाही नाही.

हिमांशूनं वाकून पायांना हात लावला.

"घरी आलो की तुम्ही इथं असता, बाबा. शाळेत होतो तेव्हापासून. म्हणून या वेळी पर्यटक होऊन आलो."