अनोळखी

कॉलेजात शिकणाऱ्या ईश्वरीचे आबा अलीकडे विसरायला लागले होते. चष्म्याला किल्ली म्हणायचे, तर कधी सुनेलाच अदबीनं विचारायचे, "आपण कुणाकडच्या?" डॉक्टर म्हणाले होते, त्यांना ओळखीच्या माणसांत बसू द्या. म्हणून संध्याकाळी ते नेरूळच्या बागेत जुन्या मित्रांबरोबर बसत.

एकदा गंमत म्हणून ईश्वरीनं आबांच्या अशाच एका गोंधळाचं रील टाकलं. ते तुफान चाललं. 'सो क्यूट आबा!' म्हणत लोकांनी आणखी मागितली. मग ती रोजच टाकायला लागली. आबांना त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

आणि अचानक आबांनी बागेत जाणं बंद केलं.

"चला ना आबा, मी येते सोबत," ईश्वरी त्यांचा हात धरून म्हणाली.

आबांनी हात सोडवून घेतला.

"नको गं. तिथं कोण कोण येतात. 'काय आबा, ओळखलंत का?' म्हणतात, खांद्यावर हात टाकून फोटो काढतात, हसतात. मी पण हसतो. पण एकही चेहरा आठवत नाही मला."

ईश्वरीनं हातातला मोबाइल पाठीमागे लपवला.

"तुझ्या बाबाला सांगू नकोस, तो घाबरेल," आबा हळूच म्हणाले. "पण इतकी सगळी माणसं विसरलो मी. आता तुलाही विसरणार."