पुढची वेळ

ऑपरेशन थिएटरचं दार ढकलून डॉक्टर गायधनीबाई बाहेर आल्या, तेव्हा त्यांच्या हिरव्या गाऊनवर पोटापासून खाली रक्त होतं. बाकावरचे रणधीरराव ताडकन उठले.

"मुलगी झाली. बाळ छान आहे," डॉक्टर घाईघाईनं म्हणाल्या. "पण वार सुटत नाहीये. गर्भाशयात रुतून बसलीय. आधीची दोन सिझर झाली की होतं असं कधी कधी. रक्त थांबत नाही. पिशवी काढावी लागेल. आत्ताच."

रणधीररावांनी आईकडं पाहिलं.

आईसाहेब खुर्चीत ताठ बसल्या होत्या. चिंचगड संस्थान विलीन होऊन पन्नास वर्षं होत आली होती. राजवाड्यात आता सरकारी कचेरी होती आणि राजघराणं नाशकात गंगापूर रोडच्या बंगल्यात राहत होतं. तरी दसऱ्याला रणधीरराव गावी जाऊन गादीवर बसत आणि माणसं रांगेनं मुजरा करून जात. त्यांच्यानंतर कोण बसणार, एवढाच प्रश्न होता. घरात दोन मुली होत्या. आता तीन झाल्या.

"पिशवी काढली म्हणजे मग पुढं..." कारभारी कोंडाजींनी वाक्य अर्धंच ठेवलं.

"पुढं मूल नाही," डॉक्टर म्हणाल्या.

"दुसरा काही इलाज असेल," आईसाहेब म्हणाल्या. "मुंबईचे डॉक्टर आमच्या ओळखीचे आहेत. कोंडाजी, फोन लावा त्यांना."

"आईसाहेब, ते कसारा घाट चढेपर्यंत तुमच्या सूनबाई राहणार नाहीत. इंजेक्शनं झाली, सगळं करून झालं. वरून बाटल्या चालू आहेत आणि खालून तेवढंच जातंय. मला होकार हवाय."

रणधीरराव आईजवळ गेले.

"आईसाहेब, आपण म्हणाल तसं."

आईसाहेबांनी मुलाकडं नीट पाहिलं. चाळिशीला टेकलेला, उंचापुरा माणूस. डोळ्यांत पाणी, आणि तरी ओठ शिवल्यासारखे. मग त्या डॉक्टरांना म्हणाल्या, "त्या शुद्धीवर आहेत?"

"आहेत. कमरेखालचीच भूल दिलीय."

"मग त्यांना विचारा."

"विचारलं ना." डॉक्टरांचा आवाज चढला. "त्या म्हणतात, आईसाहेबांना विचारा."

बाहेर रस्त्यावर एक रिक्षा हॉर्न वाजवत गेली. आईसाहेब उठल्या. दोन्ही हातांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि दाराकडं चालू लागल्या.

"अहो, आत असं येता येत नाही—" नर्स पुढं झाली. डॉक्टरांनी तिला हातानंच थांबवलं. नर्सनं आईसाहेबांच्या अंगावर गाऊन चढवला, नाकातोंडावर फडकं बांधलं.

आत चारुशीलाराजे टेबलावर आडव्या होत्या. छातीखाली हिरवा पडदा धरलेला. त्याच्यापलीकडं दोघं वाकून काहीतरी दाबून धरत होते. टेबलाखालच्या बादलीकडं आईसाहेबांची नजर गेली आणि त्यांनी भिंतीला हात टेकला. बारा वर्षांत या सुनेचा चेहरा त्यांनी इतक्या जवळून पाहिला नव्हता. ओठांचा रंग पार उतरला होता.

"चारुशीलाराजे."

डोळे उघडले. फडक्याआडूनही तिनं सासूला ओळखलं. सवयीनं तिचा हात पदर शोधायला हलला. त्या हाताला सलाईन बांधलेलं होतं.

"आईसाहेब... मुलगीच झाली."

"कळलं आम्हाला."

"डॉक्टरांना थांबवा ना. पिशवी काढतायत." तिला दम लागत होता. "थोडा वेळ दिला तर रक्त थांबेल. मला जमेल. पुढच्या वेळी मुलगा होईल. मी त्र्यंबकला नवस बोललेय."

पडद्यापलीकडून कोणीतरी ओरडलं, "प्रेशर पडतंय, मॅडम!"

आईसाहेबांनी तिच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ गार होतं, घामानं चिकट झालेलं. त्यांच्या घरात सुनेला कधी कोणी अगंतुगं केलं नव्हतं.

"पोरी, पुढची वेळ नाही आता," त्या म्हणाल्या. "तुझ्याकडनं नाही, कोणाकडनंच नाही. ऐकतेयस ना?"

तिच्या डोळ्यांतून पाणी कानाकडं ओघळलं. तिनं मान हलवली की नुसती कलली, ते समजलं नाही.

"काढा," आईसाहेब डॉक्टरांना म्हणाल्या. "आमचा होकार आहे. वाचवा तिला."

त्या बाहेर आल्या आणि खुर्चीवर न बसता भिंतीशी उभ्या राहिल्या. पायांत चप्पल नव्हती, ती आतच राहिली होती. नर्सनं दुपट्यात गुंडाळलेली मुलगी आणून रणधीररावांच्या हातांत दिली. त्यांनी ती छातीशी धरली आणि तिच्याकडं न बघता दाराकडंच बघत राहिले.

खिडकीतलं ऊन सरकत बाकाखाली गेलं, तेव्हा डॉक्टर पुन्हा बाहेर आल्या. तोंडावरचं फडकं त्यांनी ओढून खाली केलं होतं.

"थांबलं रक्त. आजचा दिवस जपायला लागेल. पण वाचतील."

रणधीरराव मुलीसकट मटकन बाकावर बसले आणि मोठ्यानं रडायला लागले.

तेवढ्यात कोंडाजी खालच्या फोनवरून आले. आईसाहेबांसमोर येऊन, मान खाली घालून उभे राहिले.

"चिंचगडहून फोन आहे. देवळात सकाळपासनं लोक बसून आहेत. नगाऱ्याजवळ भिका टिपरू घेऊन उभा आहे. मुलगी झाली म्हणून सांगतो आणि घरी जायला सांगतो त्याला."

"वाजवायला सांगा."

कोंडाजींना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "जी? पण मुलीच्या वेळी आपल्याकडं कधी..."

"मुलीसाठी नाही," आईसाहेब म्हणाल्या. "भिकाला म्हणावं, सूनबाई जगल्या. वाजव."