पांढरी पूड

लिंडन थॅकरेने जुना कापूस चिमट्याने ओढून काढला आणि उघड्या कॉइलमध्ये वीज सोडली. चिकटलेला मळ जाळायचा, मग नवा कापूस भरायचा; ग्रिम्सबीतल्या त्याच्या वेपच्या, म्हणजे ई-सिगारेटच्या, दुकानात हे रोजचंच काम. तार मधोमध लाल झाली. बटण सोडल्यावर ती राखाडी व्हायला हवी होती. ती निळसर झाली आणि खाली पिठासारखी पांढरी पूड पडली.

नेहमीची कँथलची तार पूड सोडत नाही. टायटेनियमची सोडते.

मागच्या भिंतीवर खिळ्यांना दोन रिळं टांगलेली होती, एक कँथलचं, एक टायटेनियमचं, दोन्ही बिननावाची. वेष्टनं तो फेकून देई. "बोटांना कळतं," असं गिऱ्हाइकांना सांगे. टायटेनियम चालवायचं ते तापमान बांधून दिलेल्या यंत्रावर. नुसत्या वॅटवर ती तार किती तापेल याला धरबंध नसतो. गेल्या महिन्यात शनिवारच्या गर्दीत त्याने ग्लेंडा ब्लँचर्डच्या यंत्रासाठी ही कॉइल वळली आणि लाल करून न पाहताच कापूस भरला. पुढे ती परत आली, चव लागत नाही म्हणाली. त्याने चाळीस वॅटचे पंचावन्न करून दिले.

ग्लेंडा आत्ता काउंटरपलीकडे स्टुलावर बसून खोकत होती.

"असा बघू नकोस, मरत नाही मी," ती म्हणाली. "उभी हयात हॅडॉक मासे धुरावर टांगले. आता माझी पाळी."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"फोटो काढला. छातीत काही दिसत नाही म्हणे. पण आमच्या शेरिलला डॉक्टरपेक्षा जास्त कळतं. तिचं म्हणणं, आई चोरून सिगारेट ओढते. तुझी वाफ चारचौघांत, आणि धूर न्हाणीघरात." ती हसली, तशी पुन्हा ढास लागली. "खोकला थांबेपर्यंत बाळाला आणणार नाही म्हणाली. मी शपथ घेतली, तर म्हणते, शपथ तू मागेही घेतली होतीस."

"घेतली होती?"

"दोनदा."

लिंडनने कॉइल सोडवली. दुसऱ्या रिळाची तार तोडून दांडीवर वळली, लाल करून पाहिली, पुन्हा पाहिली. कापूस भरला, वॅट खाली आणले. जुनी कॉइल पुडीसकट कागदात गुंडाळून त्याने खिशात टाकली.

"आता कमी होईल खोकला."

"तुला काय माहीत?"

"नवी तार घातलीय."

"मागचीही नवीच होती की."

तो यंत्राची काच पुसत राहिला. मग त्याने खिशातला कागद काढून काउंटरवर उलगडला.

"ही तार चुकीची होती, ग्लेंडा. तुमच्या यंत्रावर चालवायची नसते. मी न बघता वळली. वर वॅटही मीच वाढवले. ही पूड तुमच्या छातीत किती गेली, ते मला सांगता येणार नाही. खोकला याचाच आहे, हेही नक्की नाही. पण हे डॉक्टरांना दाखवा."

ग्लेंडाने बोट पुढे केलं, पुडीला न लावता मागे घेतलं.

"रात्री उठून कोटाचे खिसे तपासत होते मी," ती म्हणाली. "माझे स्वतःचे. म्हटलं, झोपेत ओढत असेन."

तिने पर्समधून फोन काढला, नंबर लावला आणि आवाज मोठा करून काउंटरवर ठेवला. दार ढकलून आत आलेली दोन गिऱ्हाइकं आपापली यंत्रं हातात धरून तिथेच थांबली.

"आई, कामावर आहे मी," शेरिलचा आवाज आला. "पुन्हा शपथ घ्यायची असेल तर राहू दे."

ग्लेंडाने फोन लिंडनकडे सरकवला.

त्याने आधी आपलं नाव सांगितलं, मग दुकानाचं.