मामाची काठी

“डावीकडे,” म्हणून मामानं काठी फिरवली आणि सेनीनं निमूटपणे इंजिनाची मूठ वळवली. नावेच्या टोकाशी उभा राहणारा काठी दाखवेल तिकडे जायचं, मधे तोंड घालायचं नाही, ही फिजीतल्या त्या गावाची शिस्त. त्यात काठी धरणारा अपेनिसामामा. पाण्यावर नुसता बुडबुडा आला तरी खाली कासव आहे की मासा, ते हा माणूस सांगायचा. तरी आज चौथा दिवस होता आणि कासवाचं नखही दिसलं नव्हतं.

नावेत कासवं बघायला आलेले हॉटेलचे आठ पाहुणे डोळ्यांना काचा आणि पायांना रबरी पंख लावून तय्यार बसले होते. मेलबर्नच्या हेझलबाई तर तिसऱ्यांदा आल्या होत्या. सत्तरी उलटलेली, पण लहान पोरीसारख्या अर्ध्या बाहेर वाकून पाणी न्याहाळत होत्या.

“उद्या माझं विमान आहे बरं का,” त्या म्हणाल्या. “आज दिसायलाच हवं.”

“कासवं सुट्टीवर गेली असतील,” शेजारचा दाढीवाला म्हणाला. “आपल्यासारखीच.”

सगळे हसले. सेनीही हसली आणि लगेच तोंड फिरवून तिनं आवंढा गिळला. सकाळपासून पोट ढवळत होतं.

हॉटेलच्या मॅनेजरनं निघतानाच बजावलं होतं. आज कासव दिसलं नाही, तर उद्यापासून पाहुणे पलीकडच्या खाडीतल्या नावेत. आणि सेनीचा जीव होता या नावेत. नाव मूळची मामाची. भाचीनं मागितलं की मामानं द्यायचंच, ही तिथली रीत, म्हणून दोन वर्षांपूर्वी तिनं बेधडक मागितली. मामेभाऊ विली नुसता बघत राहिला होता.

तिला दिवस जाऊन दोन महिने झाले होते. नवऱ्यालाही ती बोलली नव्हती. सासूला कळायचा अवकाश, ती सेनीला घरात चटईवर बसवणार आणि नाव विलीच्या हाती जाणार, हे ठरलेलं. म्हणून ती गप्प होती. गप्प राहून रोज लोखंडी नांगर ओढत होती. कासवं दिसली नाहीत त्या पहिल्याच दिवशी मामानं दोरीला हात लावला, तर “तुमचं वय झालं मामा, बसा गुमान,” म्हणून तिनंच त्याला हुसकावलं.

पण पोट लपवलं की समुद्र हात आखडता घेतो, हे त्या बेटावरचं शेंबडं पोरही सांगेल. जाळी रिकामी येतात, नारळाचं दूध फाटतं. परवा सासूच्या हातचं नारळाचं दूध फाटलं, तेव्हा तिनं तिन्ही सुनांकडे एकेक करून पाहिलं होतं.

“टाक नांगर,” मामा म्हणाला. पाहुण्यांनी धडाधड उड्या मारल्या. अर्ध्या तासानं एकेक जण शिडी चढून वर आला. रंगीत मासे दिसले, पोवळी दिसली, कासव नाही. हेझलबाईंनी डोळ्यांवरची काच काढली आणि सेनीचा हात थोपटला. “असू दे गं पोरी, तू तरी काय करणार.” सेनीला ते शिवीपेक्षाही जास्त लागलं.

ती नांगर ओढायला वाकली. तो खडकात अडकला होता. तिनं जोर लावला, कंबरेत कळ आली, तशी दोरी धरून ती तिथंच थांबली. मामा पाण्याकडे बघतच नव्हता, तिच्याकडे बघत होता.

“या नावेत कुणीतरी पोट लपवलंय,” तो गावच्या भाषेत म्हणाला. “बोलत नाही तोवर काही दिसायचं नाही.”

“पाहुण्यांपैकी असेल कुणी.”

“कोण, हेझलबाई?”

एरवी सेनी पोट धरून हसली असती. आता इकडे आड, तिकडे विहीर. बोलावं तर गाव नाव काढून घेणार, न बोलावं तर हॉटेल पाहुणे काढून घेणार. हेझलबाई टॉवेल पांघरून रिकाम्या पाण्याकडे बघत बसल्या होत्या.

“मीच आहे ती, मामा,” सेनी म्हणाली. “दोन महिने झाले.”

मामानं तिच्या हातातली दोरी घेतली, दोन हिसके देऊन नांगर वर घेतला आणि काठी थेट उलट्या दिशेला, काळ्या खडकाच्या मागे दाखवली.

पाच मिनिटं लागली असतील. खडकामागच्या हिरव्या उथळ पाण्यात एक डोकं वर आलं, फुस्स करून श्वास सोडला आणि खाली गेलं. मग दुसरं. मग तिसरं. नाव थांबायच्या आतच दाढीवाला पाण्यात होता, आणि तोंडातल्या श्वासाच्या नळीतून त्यानं अशी बोंब ठोकली की खडकावरचे पक्षी उडाले. सेनी नावेच्या काठावर आडवी पडली आणि तिनं डोकं पाण्यात बुडवलं. परातीएवढी कासवं गाईंसारखी निवांत तळाचं गवत खात होती. नऊ मोजली तिनं. त्यांच्यामधून हेझलबाई हात पसरून तरंगत होत्या. सेनीला हसूही येत होतं आणि रडूही.

“बघितलंत ना मामा? सांगितलं आणि आली.” मग तिला आठवलं. तिनं इंजिनाच्या मुठीकडे बोट केलं. “घ्या. द्या आता विलीला.”

मामानं मुठीला हात लावला नाही. तो नांगराची दोरी सावकाश सोडत होता.

“तुझी आई सातवा लागेपर्यंत या खाडीत वल्हं मारत होती. तू चालव. गावाचं आणि तुझ्या सासूचं मी बघतो. पण नांगराला पुन्हा हात लावलास, तर माझ्याशी गाठ आहे.”

“आणि परत समुद्र रुसला तर?”

“समुद्र कशाला रुसतोय?” मामा म्हणाला. “कासवं रोज इथंच होती. काठी मी उलटी दाखवत होतो.”