स्कोगलुंडची बायको

मंजिरीने पाण्याचा घोट घेतला आणि स्कोगलुंडचे अग्रलेख त्याची बायको लिहायची, असं शांतपणे सांगून टाकलं.

पहिल्या रांगेत बसलेल्या उदयने पायावरचा पाय काढला. इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या कम्युनिटी सेंटरचा हॉल भरला होता. मराठी मंडळाची झाडून सगळी माणसं आली होती आणि त्यातली निम्मी उदयने स्वतः फोन करून बोलावली होती. कार्यक्रमाची कल्पना त्याचीच. एंड्रे स्कोगलुंड हा एकोणिसाव्या शतकातला नॉर्वेजियन गृहस्थ. त्याने खेड्यात शाळा काढली, वर्तमानपत्र चालवलं आणि पुढे तो संसदेत निवडून गेला. उदयच्या नोकरीपायी दोघं नवरा-बायको काही वर्षं बर्गनला राहिले होते. तिथे मंजिरी नॉर्वेजियन शिकली आणि या स्कोगलुंडचं चरित्र तिने मराठीत आणलं.

उदयने पुस्तकाचं मागचं पान तेवढं वाचलं होतं. त्यावर 'शिक्षक, संपादक, लोकप्रतिनिधी' हे शब्द पाहून तो हरखून गेला. तो स्वतः मंडळाची रविवारची मराठी शाळा चालवायचा, मंडळाच्या अंकाचा संपादक होता आणि मे महिन्यात टाउन कौन्सिलच्या निवडणुकीला उभा राहणार होता. इतका जुळणारा थोर पुरुष घरात आयता सापडल्यावर सोडतो कोण? स्कोगलुंडचं आयुष्य वाचताना आपण आरशात बघतोय असं वाटतं, असं त्याने प्रास्ताविकात सांगूनही टाकलं.

आता मंजिरी तो आरसा पुसून त्याच्यासमोर धरत होती.

स्कोगलुंडची शाळा एका गोठ्यात भरायची, ती सांगत होती. उद्घाटन त्याने केलं. शिकवायची बायको. तो घंटा तेवढी वाजवायचा, पण अगदी वेळेवर. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. उदयने वळून पाहिलं नाही. रविवारच्या शाळेत आपण नेमकं काय करतो, ते तो आठवून पाहत होता. हजेरी घेतो. पालकांशी बोलतो. फोटो काढतो. बाराखडी मंजिरी शिकवते.

वर्तमानपत्राचंही तेच. लिहायची ती, खाली नाव त्याचं. लोक रस्त्यात थांबवून कौतुक करायचे आणि तो मान खाली घालून म्हणायचा, सुचलं, लिहिलं. उदयचे कान तापले. दिवाळी अंकाच्या संपादकीयाबद्दल रघुवीरकाकांनी त्याला मिठी मारली होती, तेव्हा तो हेच म्हणाला होता. मंडळातले सगळ्यात वडीलधारे रघुवीरकाका जवळच बसले होते. त्यांनी चष्मा काढून उदयकडे पाहिलं. मग चष्मा लावून पाहिलं.

शेवटी संसद. महत्त्वाच्या चर्चेच्या आदल्या दिवशी, मंजिरी म्हणाली, स्कोगलुंड जेवताना बायकोला विचारायचा, "या प्रश्नावर माझं मत काय आहे?"

हॉल खळखळून हसला. उदयला हसू आलं नाही. रेडवेवर, म्हणजे सायकलवाल्यांच्या लाल रस्त्यावर बंद पडलेल्या दिव्यांबद्दल परवाच आमटी वाढून घेताना त्याने मंजिरीला हाच प्रश्न, याच शब्दांत विचारला होता.

प्रश्नोत्तरांच्या वेळी साकेत उठला. तो इथेच जन्मलेला, इथल्याच एका शाळेत मॅथ्स शिकवणारा.

"मंजिरीताई, सॉरी, पण मग त्या बाईने स्वतः इलेक्शन का नाही लढवला?"

"तेव्हा बायकांना उभं राहता यायचं नाही," मंजिरी म्हणाली. "आता येतं."

एवढं बोलून ती कागद गोळा करू लागली.

आभार मानायचे होते उदयने. माइकपर्यंत जाताना तो आतून नुसता धुमसत होता. घरातलं भांडण घरात करावं, हॉल बुक करून कशाला? पण जवळ गेल्यावर त्याला दिसलं, की मंजिरी तेच कागद पुन्हा पुन्हा सारखे करतेय. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माइकसमोर ती आज पहिल्यांदा उभी राहिली होती. माइक नेहमी उदयच्याच हातात असायचा. आभाराचं भाषणसुद्धा खिशात होतं, आणि तेही तिनेच लिहून दिलेलं. त्याने ते खिशातच राहू दिलं.

अडखळत त्याने सांगितलं, की अंकातली संपादकीयं मंजिरीची आहेत. सगळी. कुणालाच धक्का बसलेला दिसला नाही, हाच त्याला मोठा धक्का होता. मग तो तिच्याकडे वळला.

"माझी पत्रकं छापून झालीत, पण पार्टीला नाव अजून कळवलेलं नाही. मंजिरी, तू उभी राहतेस का?"

तिने कागद खाली ठेवले.

"राहते," ती म्हणाली.

मंडळाच्या अध्यक्ष नीनाताईंनी पहिली टाळी वाजवली आणि मग बराच वेळ कोणी थांबेना.

घरी जाताना गाडी मंजिरी चालवत होती. उदयला हलकं वाटत होतं, आणि थोडं थोरही. एका राउंडअबाउटवर त्याने बोलायला सुरुवात केली ती पुढची कितीतरी राउंडअबाउट मागे पडली तरी संपेना. इतिहासाने त्या नॉर्वेच्या बाईवर मोठा अन्याय केलाय. पुढचा अंक तिलाच अर्पण करायचा. तिच्यावरचं संपादकीय या वेळी आपण स्वतः लिहायचं, एकही ओळ मंजिरीला न विचारता. पहिलं वाक्य त्याच्या मनात तयारही झालं होतं, फक्त एका जागी अडत होतं.

"तिचं नाव काय गं? अख्ख्या भाषणात तू ते घेतलंच नाहीस."

मंजिरीने इंडिकेटर दिला आणि उजवीकडून येणारी गाडी जाऊ दिली.

"कुठून घेणार? पुस्तक आतून उघडलं असतंस तर कळलं असतं तुला. त्याने लग्नच केलं नव्हतं."