साक्षीला मलेशिया

"व्हिएतनाम आणि मलेशिया, या दोनच देशांचं बघ," धनेशशेठ म्हणाले. "बाकी जगाशी आपल्याला काम नाय."

रंजिताने मान डोलावली. तळोज्यातल्या त्यांच्या एमडीएफच्या कारखान्यात ती हिशेब बघायची. फर्निचरच्या त्या बोर्डांना वर्षभरात गिऱ्हाईकच उरलं नव्हतं. व्हिएतनामचा बोर्ड बंदरात इतक्या पडेल भावाने उतरायचा, की इथे नुसतं लाकूड आणि वीजच त्याहून महाग पडे. एक पाळी बंद झाली होती. दुसरीत तिचे वडील, देवजी, प्रेस मशीनवर होते. शेतजमीन गेल्यापासून ते तिथेच होते.

परदेशी मालावर जादा शुल्क लावून घ्यायचं, तर तो मुद्दाम पडेल भावात विकला जातोय याचा सरकारला पुरावा लागतो. रंजिताने दोन्ही देशांच्या आयातीचे भाव शेजारी शेजारी मांडले. पहिल्यांदा जाड आणि पातळ बोर्ड एकत्र झाले, सगळं फिसकटलं. तिने ते खोडून पुन्हा सुरुवात केली. तीच जाडी, तोच महिना, जहाजाचं भाडं वजा. मग चित्र स्वच्छ झालं. मलेशियाचा भाव जागच्या जागी होता, व्हिएतनामचा महिन्यागणिक घसरत होता.

"पण शेठ, मलेशियाचा मालही आपल्यापेक्षा स्वस्तच आहे," ती म्हणाली. "तक्रारीत त्याचंही नाव घालू या?"

"दोघांशी एकदम भांडलीस तर दोघं एक होतील. एकाला धरायचं, दुसऱ्याला साक्षीला घ्यायचं."

तिला ते पटलं.

करंजाड्याच्या घरी चहा पिताना देवजींनी विचारलं, "तुज्या आकड्यांनी मशीन चालंल का गो?"

"चालेल, बाबा. मी चालवतेच."

दिल्लीच्या सुनावणीत व्हिएतनामच्या कंपन्यांच्या वकिलाने तिला हसण्यावारी नेलं. "व्हिएतनाममध्ये लाकूड स्वस्त आहे. त्यात गुन्हा काय?"

रंजिता उभी राहिली. "लाकूड मलेशियातही उगवतं, साहेब. बोर्ड तोच, जाडी तीच. मग त्यांना का परवडत नाही एवढ्या भावात?"



व्हिएतनामच्या बोर्डावर जादा शुल्क लागू झालं, त्या दिवशी कारखान्याच्या फाटकात बेंजो वाजला. धनेशशेठ स्वतः नाचले. देवजींनी सगळ्यांदेखत लेकीच्या तोंडात पेढा घातला, आणि इतके महिने घट्ट धरून ठेवलेलं रडू तिला तिथेच फुटलं.

पुढच्या सोमवारी ती कामावर आली, तर फाटकाबाहेर कंटेनरची रांग लागली होती. बंद पडलेली पाळी पुन्हा सुरू करायला कच्चा माल आला, असं वाटून ती जवळजवळ धावतच आत गेली.

आत आवाज नव्हता. सगळे कामगार भिंतीला टेकून उभे होते. देवजी प्रेसपाशी वाकून नटबोल्ट सैल करत होते.

"बाबा, बिघडलं काय?"

त्यांनी वर पाहिलं नाही.

"मशीन चांगली हाय. शेटनी काढाला सांगितलीय, त्यांनी मागवलेला मलेशियाचा माल ठेवाला जागा पायजे."